दोन गाणी, एक षड्ज : मॅशअपविषयी वाचकांचे प्रश्न

मॅशअप (दोन किंवा अधिक गाण्यांचे भाग एकमेकांवर बसवून केलेलं गाणं) करणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. तांत्रिक प्रश्नांची उत्तरं कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये लागू पडतील. कायद्याविषयी मात्र आपल्या देशातल्या वकिलाशी बोलूनच पाऊल उचला.

प्रश्न : एका गाण्याचा वेग १०० बीपीएम (मिनिटाला ठोके), दुसऱ्याचा १०६. मी पहिल्याचा वेग वाढवून दुसऱ्याशी जुळवला. ठेका नीट बसतो, सॉफ्टवेअर दोन्ही गाण्यांची पट्टी एकच दाखवतं, तरी पहिल्या गाण्यातली गायिका दुसऱ्याच्या वाद्यमेळावर बेसूर वाटते. चूक कुठे शोधू?

उत्तर : आधी आकड्यांकडेच पाहा. सूर न धरता वेग ६ टक्के वाढवला की आवाज जवळजवळ बरोबर एक सेमीटोन, म्हणजे पेटीवर शेजारच्या पट्टीवर चढतो. १०० चे १०६ केले म्हणजे नेमकं तेच. तुमच्या क्लिपवर वेगासोबत सूरही हलवणारी ‘री-पिच’ ही पद्धत लागलेली असणार किंवा डीजेच्या डेकवरचं, सूर धरून ठेवणारं ‘की लॉक’ बंद असणार. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये गाणाऱ्या आवाजासाठी ‘कॉम्प्लेक्स प्रो’ घ्या आणि ‘बीट्स’ ही पद्धत तालवाद्यांसाठी ठेवा. ‘बीट्स’ लावलेला आवाज लांब स्वरावर कापल्यासारखा थरथरतो.

तिथे सगळं ठीक असेल, तर सॉफ्टवेअरने सांगितलेल्या पट्टीवर शंका घ्या. ए मायनर आणि सी मेजरमध्ये स्वर तेच सात असतात, फक्त षड्ज बदलतो, त्यामुळे यंत्र या दोघांत वारंवार फसतं. कधी ते पंचमालाच षड्ज समजतं. खात्री कानानेच करायची. गाण्याखाली तंबोऱ्याचा किंवा सिंथचा एक स्थिर स्वर धरा, गाणं कुठे विसावतं ते ऐका, मग गंधार शोधा. मेजरमध्ये शुद्ध गंधार असतो, मायनरमध्ये कोमल. चाल शुद्ध गंधारावर थांबते आणि खालचा कॉर्ड कोमल गंधार वाजवतो, असं झालं की षड्ज एक असूनही ते दोन स्वर एकमेकांना घासतात. तेवढ्या ओळीखालचा कॉर्ड काढून फक्त बास आणि ताल ठेवला तर बहुतेकदा काम भागतं.

तिसरी शक्यता बारीक सुरांची. टेपवर ध्वनिमुद्रित झालेली बरीच जुनी गाणी सुरांच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण मापावर नेमकी बसत नाहीत, २० ते ४० सेंट इकडेतिकडे असतात. १०० सेंट म्हणजे एक सेमीटोन. आधी सेमीटोन ठरवा आणि मग ‘डीट्यून’ पाच-पाच सेंटांनी हलवत लांब स्वरातली लाटांसारखी थरथर थांबते का ते ऐका. हीच गाणी क्लिकशिवाय, म्हणजे ठेका धरणाऱ्या टिकटिकीशिवाय वाजवलेली असतील तर वेगही पुढेमागे होतो. त्यांना एकच बीपीएम देऊन चालत नाही, प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर हाताने खूण करावी लागते. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

पट्टी किती हलवावी? आवाज दोन सेमीटोनपर्यंत सहज सोसतो. तीनच्या पुढे गायिका लहान मुलीसारखी किंवा घशात काही अडकल्यासारखी ऐकू येऊ लागते. अंतर मोठं असेल तर ते वाटून घ्या, आवाज एकाने वर आणि वाद्यं दोनांनी खाली. ड्रमचा स्टेम (गाण्यातला एका वाद्याचा किंवा आवाजाचा सुटा ट्रॅक) मात्र वेगळा काढून जागेवरच ठेवा. सूर बदललेल्या स्नेअरची धार जाते आणि ती परत आणता येत नाही.

कॅमलॉट चक्रावर (जुळणाऱ्या पट्ट्यांना शेजारचे आकडे देणारं डीजेंचं चक्र) शेजारच्या आकड्याची पट्टी चालते असं सगळीकडे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. सी मेजर आणि जी मेजर शेजारी आहेत, फरक फक्त एफ आणि एफ शार्पचा. सीला षड्ज मानलं तर तो शुद्ध आणि तीव्र मध्यमाचा फरक झाला. चाल त्या मध्यमावर क्षणभर टेकून पुढे गेली तर कुणाला कळणारही नाही. तिथेच थांबली तर चक्र काहीही सांगो, जोडी सोडून द्या.

शेवटी सम तपासा. बऱ्याच गाण्यांत मुखडा समेच्या आधी उठतो. गायिकेचा पहिला शब्द जिथे सुरू होतो तिथे क्लिप कापून ती पहिल्या मात्रेवर ठेवली की सगळं गाणं अर्धी-एक मात्रा सरकतं. ऐकणाऱ्याला ते सांगता येत नाही, पण काहीतरी बिघडलंय हे नक्की जाणवतं. कापायचं ते समेपासून, आणि समेआधीचे शब्द मागच्या आवर्तनात लोंबू द्यायचे.

प्रश्न : गाण्यातून फक्त आवाज काढणारी साधनं वापरते. हेडफोनवर छान वाटतं, पण मिक्समध्ये आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. दुसरी वाट आहे का?

उत्तर : असेल तर अधिकृत अकापेलाच (वाद्यांशिवाय नुसता आवाज) वापरा. तो नसेल, पण गाण्याची अधिकृत वाद्यसंगीताची आवृत्ती मिळत असेल, तर जुनी युक्ती अजूनही चालते. दोन्ही फायली अगदी तंतोतंत जुळवायच्या, वाद्यसंगीताची फेज उलटी करायची, म्हणजे लाटेचं वर-खाली पालटायचं, आणि एकत्र वाजवायच्या. जे दोन्हींत सारखं आहे ते नाहीसं होतं, आवाज उरतो. दोन्ही फायली वेव्ह किंवा फ्लॅक असायला हव्यात. एमपी३ मध्ये दाबताना प्रत्येक फाइलचे वेगवेगळे तपशील गळतात, म्हणून वजाबाकी पूर्ण होत नाही आणि झांजा कुजबुजत मागे राहतात. दोन आवृत्त्यांचं मास्टरिंग (आवाजावरचा शेवटचा संस्कार) वेगळं असेल तरीही हेच होतं.

स्प्लीटर, डेमक्स यांसारखी साधनं २०१९ पासून सर्वांच्या हाती आली आणि या कामाचं स्वरूपच पालटलं. त्यांनाही मूळ फाइल शक्य तितकी शुद्ध द्या. यूट्यूबवरून उतरवलेल्या गाण्यात वरचे आवाज आधीच गळलेले असतात, मग साधन तरी काय वेगळं काढणार? वेग आणि पट्टी बदलायची ती स्टेम वेगळे केल्यानंतर, आधी कधीच नाही.

निघालेल्या आवाजाला १०० ते १२० हर्ट्झखाली हाय-पास (खालचे आवाज गाळणारं फिल्टर) लावा, ओळींमधल्या मोकळ्या जागा हाताने कापून शांत करा. ‘स’ आणि ‘श’ भोवती हाय-हॅटचे (ड्रमच्या जोडझांजेचे) अवशेष चिकटलेले असतात. ते पूर्ण काढायचा हट्ट धरला की आवाज मरतो. त्यांच्यावर नव्या गाण्याचा हाय-हॅट येऊ द्या, तो त्यांना झाकतो. वाद्यमेळातून २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात २-३ डेसिबल कमी करा, शब्दांना जागा मिळेल. पाण्याखालचा भास पुष्कळदा दोन रिव्हर्बचा (आवाजाच्या गुंजेचा) असतो. एक मूळ गाण्यातून आलेला, दुसरा तुम्ही घातलेला. तुमचा काढून पाहा.

प्रश्न : ७ सेकंदांपेक्षा कमी तुकडा वापरला तर परवानगी लागत नाही, हे खरं ना?

उत्तर : नाही. सेकंदांचा असा कोणताही सुरक्षित आकडा नाही. हा गैरसमज अनेकांना महागात पडला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २००५ मध्ये सुमारे २ सेकंदांच्या गिटारच्या तुकड्याबाबत, तो सूर उतरवून वापरलेला असतानाही, परवानगी हवी असं म्हटलं. २०१६ मध्ये तिथल्याच दुसऱ्या अपील न्यायालयाने पाव सेकंदाहून लहान ब्रासच्या ठोक्याबाबत उलट निकाल दिला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की नमुना (गाण्यातून उचललेला तुकडा) अगदी लहान असला तरी मूळ ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याला तो रोखता येतो, कानाला ओळखू येणार नाही इतका बदलला असेल तर गोष्ट वेगळी. आणि मॅशअपची तर सगळी गंमतच ओळखू येण्यात आहे.

प्रत्येक गाण्याचे हक्क दोन असतात : शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. पहिला सहसा प्रकाशकाकडे, दुसरा लेबलकडे (गाणं काढणाऱ्या कंपनीकडे). दोन गाण्यांच्या मॅशअपला म्हणजे किमान चार परवानग्या. गीतकार-संगीतकार अनेक असतील आणि त्यांचे प्रकाशक वेगळे असतील, तर प्रत्येकाची संमती लागते आणि एकाचाही नकार सगळं थांबवतो. चाल तुम्ही नव्याने गाऊन-वाजवून घेतली तर ध्वनिमुद्रणाची परवानगी टळते, रचनेची टळत नाही.

अपलोड केल्यावर काय होतं, तेही लक्षात ठेवा. यूट्यूबवर ‘कंटेंट आयडी’ या गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा दावा आला तर बहुधा व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचं उत्पन्न हक्कधारकाकडे जातं, किंवा व्हिडिओ काही देशांत बंद होतो. कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाची ताकीद, ही वेगळी, गंभीर गोष्ट. ९० दिवसांत तीन आले तर चॅनल जाऊ शकतं. म्हणून आपली स्वतःची गाणी आणि मॅशअप एकाच चॅनलवर ठेवू नका. वितरकामार्फत मॅशअप ‘स्वतःची निर्मिती’ म्हणून स्ट्रीमिंगवर टाकणं तर पूर्ण चूक. तिथे तुम्ही हक्क तुमचे असल्याचं लिहून देता आणि खातं बंद झालं की खरी स्वतःची गाणीही अडकतात.

प्रश्न : नोकरी सोडून पूर्णवेळ मॅशअप करावं असं वाटतं. पैसे नक्की येतात कुठून?

उत्तर : मॅशअपच्या फाइलमधून जवळजवळ येतच नाहीत. हे आधी मान्य केलं की पुढचा हिशोब सरळ होतो.

सर्वांत मोठा वाटा प्रत्यक्ष कार्यक्रमांचा. मॅशअप करणारा अमेरिकी कलाकार ग्रेग गिलिस ऊर्फ गर्ल टॉक बायोमेडिकल इंजिनिअर होता. अल्बम गाजून कार्यक्रमांची मागणी वाढल्यावर २००७ मध्ये त्याने नोकरी सोडली. २०१० चा त्याचा अल्बम, ज्यात ३७० हून अधिक नमुने आहेत, त्याने फुकट वाटला. कमाई मंचावर होती. दुसरी वाट निर्माता होण्याची. डेंजर माऊस या अमेरिकी कलाकाराच्या २००४ मधल्या मॅशअप अल्बमवर ईएमआय या लेबलने बंदीची नोटीस बजावली, आणि पुढच्याच वर्षी गोरिलाझ या बँडच्या अल्बमचा निर्माता म्हणून त्याचं नाव आलं. फ्रेंच संगीतकार मॅडियनने २०११ मध्ये १७ व्या वर्षी ३९ गाणी एका व्हिडिओत बोटांनी वाजवून दाखवली, स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम २०१५ मध्ये काढला. तिघांच्याही बाबतीत मॅशअपने दार उघडलं, घर मात्र दुसऱ्या कामावर चाललं.

गाजावाजा नसलेली कामंही भरपूर आहेत आणि तीच महिन्याला आधार देतात. लेबलसाठी अधिकृत रीमिक्स, नृत्यसंघांसाठी संकलित ट्रॅक, व्यायामवर्गांसाठी एकाच वेगाचे ३२ मोजण्यांच्या (पावलं मोजायच्या ठोक्यांच्या) अखंड तुकड्यांत बांधलेले मिक्स, इतर डीजेंसाठी इंट्रो-आउट्रो (गाण्याच्या सुरुवात-शेवटाचे तुकडे), जाहिरातींसाठी नव्याने वाजवून घेतलेले तुकडे. नृत्यसंघांच्या कामात घोटाळा एकाच गोष्टीने होतो : ‘थोडं लहान करा’ या निरोपाने. कोरिओग्राफरकडून मिनिटं घेऊ नका, मोजण्या लिहून घ्या. ठिकाणाकडे सार्वजनिक वादनाचा परवाना आहे का, हे आयोजकाला लेखी विचारा. त्या परवान्यात वाजवणं येतं, मॅशअप प्रसिद्ध करणं येत नाही.

नोकरी सोडण्याचा निर्णय एका व्हायरल व्हिडिओवर घेऊ नका. सलग वर्षभर या फुटकळ कामांतून घरखर्च निघतो का, ते वहीत लिहून पाहा. निघत असेल तर सोडा, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

प्रश्न : एका लेबलने अधिकृत रीमिक्ससाठी एकरकमी मानधन देऊ केलं आहे. करारात काय पाहू?

उत्तर : एकरकमी मानधन आणि ध्वनिमुद्रणाचे सगळे हक्क लेबलकडे, ही रीमिक्सची नेहमीची पद्धत आहे, त्यात फसवणूक नाही. पाहायचं ते पुढे. किती वेळा दुरुस्त्या, हा आकडा लिहिलेला असावा, दोन पुरेत. रीमिक्स नाकारला तरी मानधनाचा ठरलेला भाग मिळावा. नाव शीर्षकात येईल का, नुसतं श्रेयनामावलीत, हे स्पष्ट हवं, कारण पुढचं काम नावावर मिळतं. स्टेम कोणत्या तारखेला येणार तेही लिहा आणि तुमची मुदत त्या तारखेपासून मोजा. दुसऱ्या कुणाच्या गाण्याचा एकही तुकडा घालणार नाही, अशी हमी तुमच्याकडून घेतली जाईल. मॅशअपची सवय असलेला हात इथेच चुकतो. सॅम्पल पॅकमधल्या आवाजांचे परवानेही जपून ठेवा.

प्रश्न : घरी दणकेबाज वाटणारा माझा मॅशअप मोठ्या ध्वनियंत्रणेवर पोकळ ऐकू आला. बास गेला कुठे?

उत्तर : दोन गाण्यांचे दोन बास एकत्र ठेवले असतील. एक लाट वर आणि दुसरी खाली असली की ती एकमेकींना खातात, आणि घरचे छोटे स्पीकर ४०-५० हर्ट्झ मुळात नीट वाजवतच नाहीत, म्हणून तिथे कळत नाही. बास एकाच गाण्याचा ठेवा, किकही (मोठ्या ड्रमचा ठोकाही) त्याच गाण्याचा. दुसऱ्यावर हाय-पास. १२० हर्ट्झखालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरवर सारखं करा. मिक्समध्ये ६ डेसिबल जागा मोकळी ठेवून काम करा, शेवटी लिमिटरची (आवाज ठरावीक पातळीवर रोखणाऱ्या साधनाची) कमाल मर्यादा उणे १ डेसिबल. दोन्ही मूळ गाणी आधीच मास्टर होऊन दाबलेली आहेत. त्यांच्या बेरजेला पुन्हा जोरात दाबलं की ठोक्याची ताकद आधी जाते आणि आवाज फक्त मोठा राहतो.