वाचकांचे प्रश्न : अतिसंवाहक तारेत तांबे कशासाठी?

प्रश्न : एमआरआय यंत्रातील चुंबकाची तार अतिसंवाहक असते आणि तिचा विद्युतरोध शून्य असतो, असे वाचले. मग त्या तारेत तांब्याचा भाग एवढा मोठा का असतो? शिवाय रुग्ण नसतानाही चुंबक चालू ठेवणे हा विजेचा अपव्यय नव्हे काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : विजेचा मुद्दा आधी निकालात काढू. अशा चुंबकात एकदा प्रवाह सोडला की वेटोळ्याची टोके अतिसंवाहक जोडाने बंद केली जातात, आणि बाहेरचा वीजपुरवठा काढून घेतला तरी प्रवाह वर्षानुवर्षे आतल्या आत फिरत राहतो. वीज लागते ती वेटोळे ज्यात बुडवलेले असते तो द्रव हेलियम थंड ठेवणाऱ्या यंत्रणेला.

तांब्याची गोष्ट अधिक रंजक आहे. हाइके कामरलिंग ओनेस यांना १९११ साली लायडन येथे पाऱ्यात अतिसंवाहकता आढळली. परंतु पारा, शिसे अशा शुद्ध धातूंतील हा गुण टेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्र मोजण्याच्या एककाच्या) एकदशांशाहून कमी चुंबकीय क्षेत्रातही नष्ट होतो. नायोबियम आणि कथिल यांच्या संयुगाची तार ८.८ टेस्लाच्या क्षेत्रातही मोठा प्रवाह वाहून नेते, हे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुन्झलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली दाखवले. तरीही त्या दशकातील सुरुवातीची वेटोळी निराशाजनक निघाली, कारण तारेचा सुटा तुकडा जेवढा प्रवाह सहज पेलत असे, त्याहून बऱ्याच कमी प्रवाहाला अख्खे वेटोळे आपली अतिसंवाहकता गमावून बसे.

द्रव हेलियमच्या उणे २६९ अंश सेल्सिअस तापमानाला धातूंची विशिष्ट उष्णता नेहमीच्या तापमानाच्या मानाने हजारपटींहून कमी होते. त्यामुळे तार चुंबकीय बलाने काही मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारांश) सरकली, तरी त्या घर्षणाची उष्णता तो बिंदू तापवण्यास पुरते आणि तेथील अतिसंवाहकता जाते. आज सर्वाधिक वापरला जाणारा नायोबियम-टिटॅनियम मिश्रधातू अतिसंवाहकता सुटताच त्या थंडीतील तांब्यापेक्षा हजारो पटींनी वाईट वाहक ठरतो आणि क्षणात जळू शकतो. सभोवती तांबे असले, तर प्रवाह तात्पुरता त्यातून वळतो, उष्णता हेलियमकडे निघून जाते आणि बिघाड लहान असल्यास तार पुन्हा पूर्वपदावर येते. याखेरीज अतिसंवाहक भाग केसाहून बारीक तंतूंत विभागून तार पिळल्यास चुंबकीय क्षेत्राच्या अचानक उसळ्यांनी होणारी उष्णताही आटोक्यात राहते; इंग्लंडमधील रदरफोर्ड प्रयोगशाळेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस या कामात मोठा वाटा उचलला. प्रसिद्धी मात्र नव्या पदार्थाच्या शोधालाच मिळते, तार घडवणाऱ्यांना क्वचितच.

जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेच्या महाकाय कणत्वरकात (सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात) १९ सप्टेंबर २००८ रोजी दोन अतिसंवाहक चुंबकांमधील एक सदोष जोड तापून वितळला, विजेची ठिणगी पडली, कित्येक टन हेलियम बाहेर पडला आणि यंत्र वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. पुढे २०१३-१४ मध्ये तेथील दहा हजारांहून अधिक जोडांवर तांब्याच्या जादा पट्ट्या बसवण्यात आल्या.

हेलियमच्या मानाने उच्च तापमानाला चालणाऱ्या नव्या सिरॅमिक फितींमध्ये अतिसंवाहकाचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा असतो, आणि त्यांनाही तांब्याचा लेप द्यावा लागतोच. त्या सहजासहजी बिघडत नाहीत. परंतु बिघडल्यास तापलेला भाग इतका सावकाश पसरतो की व्होल्टमापकाला सुगावा लागेपर्यंत फीत एका जागी जळून जाण्याची भीती असते.