बाटलीवरचं वासरू अंगी लागत नाही? आधी दूध मोजा

प्रश्न (मुरबाड तालुका): संकरित कालवड दोन महिन्यांची. गाय व्यायल्यावर आठवड्यात गेली, तेव्हापासून बाटलीवर आहे. सकाळ-संध्याकाळ मिळून दीड लिटर दूध, त्यात थोडं पाणी. पोट सुटलंय, पाठीचा कणा दिसतो, केस राठ झालेत. दुकानदाराने लिव्हर टॉनिक, कॅल्शिअम आणि जंताचं औषध दिलं. पंधरा दिवसांत जंताचा डोस दोनदा झाला. फरक नाही.

उत्तर: फरक पडणार कसा? वासरू उपाशी आहे. टॉनिकने भूक भागत नाही.

वजनाचा अंदाज घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या मुळाजवळच्या हाडापर्यंतची लांबी टेपने इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. घेर ३० आणि लांबी २७ आली तर वजन साधारण ३७ किलो. जन्मतः २५ किलोचं संकरित वासरू रोज ४०० ग्रॅम वाढलं तर दोन महिन्यांत ४९ किलोला पोचायला हवं.

३७ किलोच्या वासराला नुसतं तगून राहायलाच सव्वादोन लिटरच्या आसपास दूध लागतं. तुम्ही देता दीड, तेही पाणी घालून. मागे पडलेल्या वासराला वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध द्या, म्हणजे इथे पावणेचार लिटरच्या जवळपास. एकदम वाढवू नका, चार-पाच दिवसांत चढवा आणि तीन वेळांत वाटून द्या. दूध कोमट, ३८-३९ अंश. डेअरीला घालायचं दूध वासराच्या तोंडी जातं हे जिवावर येतं, मला माहीत आहे. पण तेच पैसे काउंटरवर बाटल्यांसाठी मोजता, त्याचं काय?

बाटली धरताना मान नैसर्गिक उंचीला, निपलचं भोक बारीक. भोक मोठं करून दूध घाईने ओतलं की ते फुप्फुसात जातं, आणि मग न्यूमोनियाचा खर्च वेगळा. प्रत्येक वेळी बाटली-निपल गरम पाण्याने धुवा. पावसाळ्यातले निम्मे जुलाब आंबलेल्या निपलमधून येतात असं माझं मत आहे.

आता दुकानदाराबद्दल. जंताचा डोस वासराचं वजन घेऊन ठरतो, दुकानदाराच्या अंदाजाने नाही. लेव्हामिसोल हे जंताचं औषध हिशोबाबाहेर गेलं की तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं, वासरू दगावतंही. ‘अंगी लागत नाही तर थोडा जास्त दे’ हा सल्ला देणाऱ्याला विचारा, वजन किती धरलंस? तिसरा डोस आता अजिबात देऊ नका. जुलाब चालू असताना स्वतःच्या मनाने तर नाहीच. ताजं शेण स्वच्छ डबीत घेऊन सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, जंत दिसले तरच औषध, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. कॅल्शिअमची बाटली शिरेतून लावायला कुणी गोठ्यात आला तर त्याला परत पाठवा. वेगाने गेलेलं कॅल्शिअम हृदय थांबवतं. पुन्हा सांगतो: वजन नाही, तर डोस नाही.

पोट सुटण्याचं दुसरं कारण भाताचा पेंढा. आपल्याकडे वासरू महिन्याचं झालं की त्याच्यासमोर पेंढा टाकतात. त्याची कोठी, म्हणजे चारा पचवणारं पोट, अजून तयार नसते, पेंढा आत नुसता साठतो आणि अंग वाळतं. पेंढा बंद करून खुराक सुरू करा. माझा आग्रह कायम खुराकाचाच असतो, कारण कोठी त्यानेच तयार होते. १०० किलोला मका भरडा ५०, शेंगदाणा पेंड ३०, गव्हाचा कोंडा १७, खनिज मिश्रण २, मीठ १. सुरुवातीला दूध पिऊन झाल्यावर मूठभर तोंडाला लावा, मग गव्हाणीत ठेवा. शिळा उरलेला रोज काढा. बुरशीचा वास आलेली पेंड फेकून द्या, म्हशीलाही घालू नका. मोठ्या जनावरांचं युरिया असलेलं खाद्य वासराला चालत नाही. आणि स्वच्छ पाणी सतत समोर हवं. दूध पितंय म्हणून पाणी नको, हा समज सोडा. पाण्याशिवाय खुराक पचत नाही.

दर आठवड्याला त्याच वारी टेप लावा आणि आकडा गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहा. तीन आठवड्यांत घेर हलला नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न (भिवंडी तालुका): तबेल्यातली रेडकं तिसऱ्या आठवड्यात मातकट, दुर्गंधीचं शेण टाकतात आणि खंगतात. जंताचं औषध कितव्या महिन्यात द्यावं?

उत्तर: महिन्याची वाट पाहिलीत तर उशीर झाला. म्हशीच्या दुधातूनच गोल जंत रेडकात जातात. पहिला डोस दहाव्या ते चौदाव्या दिवशी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, प्रत्येक वेळी वजन घेऊन. शेणात रक्त दिसलं तर तो बहुधा वेगळा आजार, रक्ती हगवण. त्यावर जंताचं औषध ओतत बसू नका, जनावरांच्या डॉक्टरी मदतीच्या १९६२ या नंबरवर फोन करा.

सरकारी योजनांबद्दलही दोघांनी विचारलंय. कानात १२ अंकी बिल्ला मारून घ्या, कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या आत ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या रोगाची) लस टोचून घ्या. बाकीचे अर्ज पशुसंवर्धन विभागाच्या संकेतस्थळावर निघतात, मुदत दवाखान्यात विचारा.