दारूच्या प्रश्नावरील संशोधन आणि मुलीचे करिअर

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेतील गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांचे मद्यपान व त्यातून होणारे त्रास यांवर तिला तिथे जाऊन संशोधन करायचे आहे. आमच्याकडे दारूचे नावही निघत नाही. यात भवितव्य आहे का? – एक आई, सातारा

आदरणीय ताई,

आपली धास्ती समजण्याजोगी आहे. मात्र हा विषय सार्वजनिक आरोग्याचा आहे आणि त्याला आपल्या मुलीसारख्याच आकड्यांत मुरलेल्या माणसांची गरज असते.

अमेरिकेतील पाहण्यांत असे दिसले आहे की, कृष्णवर्णीयांमध्ये मद्य न घेणाऱ्यांचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा अधिक आहे. तरीही जे पितात, त्यांना, विशेषतः बेताने पिणाऱ्यांना, तेवढेच पिणाऱ्या गोऱ्यांपेक्षा भांडणे, तब्येतीच्या तक्रारी आणि व्यसनाची लक्षणे अधिक भोगावी लागतात. गरिबी आणि वंशभेदाचा जाच ही कारणे त्यात आहेतच, पण त्यांचा हिशेब धरूनही काही फरक उरतो. माणूस किती पितो आणि त्यापायी काय सोसतो, हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे हेच या क्षेत्रातले खरे काम, असे माझे मत आहे.

स्त्रियांबाबत हे काम प्रश्नावलीपासूनच सुरू होते. तिथे एक ‘ड्रिंक’ म्हणजे 14 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, साधारणपणे 355 मिलीलिटर बिअर. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच मद्याने तिच्या रक्तातील अल्कोहोल अधिक चढते. म्हणून सुमारे दोन तासांत पुरुषाने पाच, तर स्त्रीने चार ड्रिंक घेतल्यास ते अतिरेकी पिणे मानतात. दोघांना पाचचीच मर्यादा लावली, तर धोक्यात असलेल्या कितीतरी स्त्रिया मोजणीतून निसटतात.

पैशांचा विचार मात्र आधी करावा. सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच, तिथे बहुधा स्वखर्चाने करावी लागते, तर पीएच.डी.ला सहसा विद्यावेतन मिळते. परंतु सरकारी प्रशिक्षण-शिष्यवृत्त्यांपैकी बऱ्याच फक्त तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी असतात. म्हणून कर्ज काढण्यापूर्वी तिने साथरोगशास्त्र (समाजात आजार कोणाला आणि का होतात, याचा अभ्यास) किंवा जैवसंख्याशास्त्र (आरोग्यविषयक संख्याशास्त्र) यांतील पीएच.डी.साठी थेट अर्ज करावा आणि प्रत्येक विभागाला परदेशी विद्यार्थ्यांच्या विद्यावेतनाविषयी लेखी विचारावे. मुंबईतील देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था हे इथले पर्यायही तोलामोलाचे आहेत.

तत्पूर्वी काही महिने तिने पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात काम करता येईल का, हे पाहावे. 2019च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात 27.3 टक्के पुरुष, तर 1.6 टक्के स्त्रिया मद्य घेतात. नवऱ्याच्या पिण्याचा त्रास सोसणारी बायको या दुसऱ्या आकड्यात कुठेच नसते. अशा बायकांशी बोलल्यावर प्रश्नावलीत काय विचारायला हवे, हे तिला अधिक नेमके उमगेल. पहिल्या भेटीला आपणही तिच्यासोबत जावे, असे मी सुचवेन.