प्रादेशिक आरोग्य संशोधनातल्या संस्थांची भागीदारी वार्तापत्रानं खरंच घट्ट होते का?

तुम्ही विचारलंय की सहा-सात संस्था मिळून आरोग्य संशोधन करतात, वर्षातून एकदा बैठक होते आणि मधल्या काळात कुणाचा कुणाला पत्ता नसतो, तर वार्तापत्र काढून फरक पडेल का. पडतो. पण त्यात कुणाचा आवाज आहे, यावर सगळं ठरतं. अशाच एका गटात मी चार वर्षं समन्वयक होतो आणि वार्तापत्र माझ्याकडे होतं.

सुरुवातीचे अंक मुख्य केंद्रात बसून आम्हीच लिहायचो. पाहुण्यांच्या भेटी, कार्यशाळेचे फोटो, छापून आलेले शोधनिबंध. अंक देखणा असायचा, पण एकाही केंद्रातून चार ओळींचं उत्तर यायचं नाही. मग पहिली जागा आम्ही लहान केंद्रांना दिली. दर अंकात प्रत्यक्ष माहिती गोळा करणाऱ्या एका माणसाला एकच प्रश्न विचारायचा: या महिन्यात काय अडलं? लिहायला सवड नसेल तर मी फोनवर ऐकून उतरवून घ्यायचो आणि पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवायचो. हे वाचून दाखवणं कधीही टाळू नका, विश्वास तिथूनच बसतो.

अशा तिसऱ्याच टिपणात एका परिचारिकेनं सांगितलं, "माणूस चालत आलेला असतो, रक्तदाबाचं पहिलं रीडिंग जास्तच येतं, म्हणून मी ते धरत नाही." त्याच दिवशी दुसऱ्या केंद्रातून फोन आला, "आम्ही तर एकदाच मोजतो आणि तेच लिहितो." रक्तदाब तीन वेळा मोजून शेवटच्या दोन आकड्यांची सरासरी घ्यायची, असं आमच्या प्रोटोकॉलमध्ये होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्टेप्स या असंसर्गजन्य आजारांच्या धोक्यांवरच्या सर्वेक्षणातही हीच पद्धत आहे. पण त्या केंद्रात माणसं बदलली होती आणि नव्या लोकांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. हेच विश्लेषणाच्या वेळी कळलं असतं, तर त्या सगळ्या नोंदींवर पाणी सोडावं लागलं असतं. त्या फोननंतर दोन्ही केंद्रं एकमेकांशी थेट बोलू लागली, आमच्यामार्फत नाही. मला भागीदारी म्हणतात ती तेव्हा दिसली.

छोट्या नोंदीची ताकद किती असते, याचं मोठं उदाहरण 5 जून 1981 चं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधल्या 5 तरुणांना झालेल्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद आली. ती वाचून न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांतल्या डॉक्टरांनी आपल्याकडचेही असेच रुग्ण कळवले. पुढे ज्याला एड्स म्हटलं गेलं, त्याची ही पहिली अधिकृत नोंद.

दोन गोष्टी मात्र अंकात कधीच येऊ देऊ नका. एक, लहान केंद्रातली रुग्णांची अगदी छोटी संख्या. वय, आजार आणि केंद्र एकत्र आलं की नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. दुसरी, उपचारांच्या चालू चाचणीतले गटवार निकाल, म्हणजे कोणता उपचार घेणाऱ्यांचं काय झालं ते. किती जण सहभागी झाले ते जरूर सांगा, पण कोणत्या गटाला गुण येतोय हे फुटलं की अभ्यासावरच परिणाम होतो.

उलट एक गोष्ट हटकून घाला: गोळा केलेल्या माहितीचं पुढे काय झालं. कुठे विश्लेषण चालू आहे, निबंधात लेखक म्हणून कोणाची नावं आहेत आणि का. या नावांवरून होणारी नाराजी बैठकीत कुणी बोलून दाखवत नाही, मनात ठेवून काम थंडावतं. लेखकांचे निकष सुरुवातीच्याच एका अंकात सगळ्यांसमोर ठेवा.

स्वरूपाचं थोडक्यात सांगतो. पीडीएफ जोडू नका, मजकूर ईमेलमध्येच द्या आणि तो मोबाइलवर पाच मिनिटांत वाचून व्हावा. जीमेल साधारण 102 केबीच्या पुढचा मजकूर कापतं, त्यामुळे शेवटचं टिपण वाचकाला दिसतच नाही. आणि किती जणांनी ईमेल उघडलं, या आकड्यावर जाऊ नका. 2021 मध्ये ॲपलनं मेलमध्ये गोपनीयतेची सोय आणल्यापासून तो फुगलेला असतो. मी एका वहीत फक्त आलेली उत्तरं लिहायचो: कुठल्या केंद्रातून, कुणाच्या टिपणाला, आणि पुढे काय घडलं. सलग दोन अंकांना ज्या केंद्राचं उत्तर नसेल, तिथे तिसऱ्या अंकाआधी मी स्वतः फोन करायचो.