गोव्यात घडणाऱ्या गुन्हेकथेतल्या पोलीस नायिकेला कोणतं दुखणं द्यावं?

तुम्ही गोव्यात घडणारी काळोखी कादंबरी लिहिताय. नायिका पोलीस निरीक्षक आहे, आतून पोळलेली. तिला दारूचं व्यसन द्यावं, मोडलेला संसार द्यावा की लहानपणी गमावलेली बहीण, आणि यातलं खऱ्या पोलीस बाईला काय पटेल, असं तुम्ही विचारलंय. मी गोवा पोलिसांत ३३ वर्षं काढली. १९८८ मध्ये कॉन्स्टेबल म्हणून लागले, २०२१ मध्ये एएसआय, म्हणजे सहायक उपनिरीक्षक, म्हणून निवृत्त झाले. घर डिचोली तालुक्यात, शाळा मराठी, आणि रहस्यकथा मी रात्रपाळीलासुद्धा पिशवीत घेऊन जायचे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही सुचवलेल्या तिन्ही गोष्टी तिला बाहेरून चिकटवलेल्या वाटतात. तिचं दुखणं तिच्या कामातूनच येऊ द्या. तिचं स्वतःचं नाव असलेल्या एखाद्या कागदातून.

नोकरीला दोन वर्षं झाली होती. पावसाळ्याचे दिवस होते. शेजारच्या ठाण्यातून निरोप आला की खाजनाच्या मानशीपाशी, म्हणजे खाऱ्या शेतजमिनीच्या बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, बाईचं प्रेत लागलंय. त्या ठाण्यात बाई पोलीस नव्हती, आणि बाईचं प्रेत बाईनंच तपासायचं, म्हणून मला जीपमधून नेलं. पंचविशी-तिशीची असेल. अंगावर पंजाबी ड्रेस. मी एकेक गोष्ट बघत गेले आणि कानांपाशी थांबले. पाळ्यांची भोकं खाली ओढलेली होती, म्हणजे रोज जड कुड्या घालणारी बाई. कुड्या नव्हत्या. दोन्ही कानांतल्या नव्हत्या.

मी म्हटलं, ‘‘सर, कानांत काहीच नाही.’’

‘‘पाण्यात गेलं असेल,’’ ते म्हणाले.

फिरकीच्या कुड्या पाण्यानं निघत नाहीत, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण नोकरी नवी होती, भोवती सगळे वरिष्ठ आणि दोन पंच उभे, वर पाऊस. मी पुढं बोलले नाही. पंचनाम्यात ‘अंगावर दागिने नाहीत’ एवढं आलं, मृत्यूचं संभाव्य कारण म्हणून ‘बुडून’ आलं, आणि प्रेत तपासणारी महिला पोलीस म्हणून माझं नाव आलं. तिच्या चौकशीला कोणी आलं नाही. ती कोण होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

असं एखादं दुखणं तुमच्या निरीक्षकाला द्या. चूक फार मोठी नको. कायद्यात जिला नावसुद्धा नाही, अशी चूक. जे दिसलं ते तिनं एकदाच सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही. कादंबरीत ती निरीक्षक होईपर्यंत वीस वर्षं गेलेली असतील, आणि तोवर ते दुखणं बाहेरून कामसूपणासारखं दिसू लागेल. जिथं दोन पानं पुरतात तिथं ती पाच पानी पंचनामा लिहील. पावसात पंचांना तासभर उभं करील. हाताखालचे कंटाळतील, ‘मॅडमना घर नाही काय?’ म्हणतील. वाचकाला अर्ध्या पुस्तकापर्यंत ती नुसती चिकट बाई वाटली तरी चालेल. कारण कळेल तेव्हा मागची सगळी पानं बदलतील.

पहिल्या कागदावर पडलेल्या पहिल्या शब्दाचं वजन किती असतं, हे गोव्यानं पाहिलेलं आहे. २००८ मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर १५ वर्षांची ब्रिटिश मुलगी मृत सापडली. सुरुवातीला ती बुडाली असंच धरलं गेलं. आईनं पिच्छा सोडला नाही, दुसऱ्यांदा शवचिकित्सा झाली, अंगावरच्या जखमा पुढं आल्या. २०१६ मध्ये दोघेही संशयित निर्दोष सुटले आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्यांतल्या एकाला दोषी धरून १० वर्षांची शिक्षा दिली. ‘बुडून’ हा शब्द पुसायला अकरा वर्षं लागली.

दुसरं प्रकरण २००९ चं, शिरोड्याच्या महानंद नाईकचं. लग्नाचं आमिष, दागिने घालून ये म्हणून सांगणं, आणि ओढणीनं गळा आवळणं. पहिला खून १९९४ मधला. (माझी ती बाई त्याआधीची, तिचा याच्याशी संबंध नाही.) मधल्या पंधरा वर्षांत एका बाजूला घरातून गेलेल्या मुलींच्या नोंदी होत्या, दुसऱ्या बाजूला ओळख न पटलेली प्रेतं. दोन्ही कागद वेगवेगळ्या कपाटांत. सोळा खुनांची कबुली त्यानं दिल्याचं तेव्हा छापून आलं. काही खटल्यांत जन्मठेप झाली, पण बऱ्याच खटल्यांतून तो पुराव्याअभावी सुटला. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा होत नाही, पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम २५ नं आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ नं. म्हणून कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात संशयित रडून सगळं कबूल करतो आणि पुस्तक संपतं, असं कृपा करून करू नका. कबुलीनंतर तो वस्तू काढून देतो का, त्या वस्तूची ओळख कोण पटवतं आणि पंच कोर्टात टिकतात की फितूर होतात, खरा ताण तिथं असतो. चौदा वर्षांपूर्वीची कुडी सोनाराच्या दुकानातून कधीच वितळून गेलेली असते.

आता भाषेचं सांगते, कारण मराठी कादंबरीत याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. आमच्याकडं तक्रार कोकणीत सांगतात आणि कागद इंग्रजीत होतो. मधे बसलेली तुमची नायिका माझ्यासारखी मराठी शाळेतली असेल तर ती तिसऱ्याच भाषेत विचार करत असते. बेपत्ता मुलीची आई समोर बसते आणि म्हणते, ‘‘बाय, म्हजी चली घरा येवंक ना.’’ मग मुलीबद्दल बोलताना ती ‘तें’ म्हणते, लहान मुलीला म्हणतात तसं, मुलगी सव्वीस वर्षांची असली तरी. आपण उंची विचारतो, रंग, कपडे, मोबाइल नंबर. आई मधेच सांगते, ‘‘ताका भूक सोंसना.’’ तिला भूक सहन होत नाही. हे वाक्य कुठल्या रकान्यात घालायचं? मी कित्येक जबान्या उतरवताना बाजूला बसले आहे, आणि अशी वाक्यं कागदावर न येता हवेत राहून गेलेली ऐकली आहेत. तुमच्या कादंबरीत ती राहू देत. कोकणी वाक्य कोकणीतच ठेवा, आपल्या वाचकाला ते कळतं. त्याखाली टाईप झालेली कोरडी ओळ द्या. दोन्हींमधलं अंतर दाखवायला वेगळं निवेदन लागणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. आधी साल ठरवा. १ जुलै २०२४ पूर्वीची गोष्ट असेल तर खुनाला भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ आणि अनैसर्गिक मृत्यूच्या चौकशीला फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४. त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं १०३ आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. नव्या कायद्यात झडती-जप्तीचं चित्रीकरण आलंय, ते प्रसंगात वापरा. संशयित बाई असेल तर सूर्यास्तानंतर अटक सहसा करता येत नाही; अपवाद करायचा तर बाई अधिकारी हवी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी. संध्याकाळी सहा वाजताचा एक उत्तम प्रसंग यातून निघतो. आणि ‘डिटेक्टिव्ह’ असं पद आपल्याकडं नसतं. ती तपास अधिकारी असते, आणि त्याच वेळी तिला मंत्र्यांचा बंदोबस्त, जत्रा, कार्निव्हल सगळंच बघायचं असतं.

जागेबद्दल एक विनंती. कळंगुट-बागा सोडा, ते सगळे लिहितात. डिचोली, साखळी, सांग्याकडं या. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मधे सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. कर्जावर घेतलेले ट्रक दारात गंजत उभे राहिले आणि खाणींच्या खंदकांत पाणी साचलं. पावसात ते पाणी लाल दिसतं, उन्हाळ्यात कधी कधी विचित्र हिरवं. मी तिथंच वाढले, तरी एकटीनं त्या काठावर उभी राहत नाही. काळोख शोधायला तुम्हाला पार्ट्यांमध्ये जायची गरज नाही.

आणि हा प्रदेश लहान आहे हे विसरू नका. परक्या शहरात कोणाशी न बोलता फिरणारी एकटी नायिका गोव्यात जमणार नाही. दारावर थाप मारली की आतली म्हातारी विचारते, ‘‘तूं कोणाची गो?’’ बापाचं नाव, वाडा, कुळाचा देव सांगितल्याशिवाय खुर्ची मिळत नाही. संशयिताची मावशी तिची शाळेतली बाई निघेल. ती कुठल्या बारमध्ये बसली होती हे दुसऱ्या दिवशी सकाळी आईला पोदेराकडून, दारावर पाव विकायला येणाऱ्याकडून, कळेल. दारू द्यायचीच असेल तर एवढं सांभाळून द्या.

घरचंही थोडं येऊ द्या. प्रेताला हात लावून आले की मला पुढच्या दारानं घरात घेत नसत. आई मागीलदारी भाणात, न्हाणीच्या मोठ्या हंड्यात, पाणी तापवून ठेवायची, वर्दी बाहेरच उतरवायची, डोक्यावरून न्हायचं, मग आत. मला त्याचा राग यायचा. ती जाऊन आता बारा वर्षं झाली, आणि आज कळतं की रात्री दोन वाजतासुद्धा ते पाणी गरम असायचं. चवथीला घरात गणपतीवर माटोळी, रानफळा-पानांची आरास, बांधली जात असताना मी कुठं तरी विसर्जनाच्या बंदोबस्ताला उभी असायचे. अशा बाईच्या मनात काय चाललंय हे लिहायला बाटली लागत नाही.

शेवटी एक मागणं आहे. मेलेल्या बाईचं वर्णन करताना घाई करू नका आणि चवही घेऊ नका. तुमच्या नायिकेनं जे बघायला हवं होतं तेवढंच वाचकाला दाखवा. मला विचाराल तर कान दाखवा. अजूनही साखळीच्या बसमध्ये शेजारी कोणी बाई येऊन बसली की माझी नजर आधी तिच्या कानांकडं जाते, आणि कुड्या दिसल्या की मग मी खिडकीबाहेर बघते.