पैसे तूच पाठवलेस, तरी ती फसवणूकच

प्रश्न : मॅडम, मी परभणीची. इंजिनिअरिंगसाठी पुण्यात आले. कर्वेनगरमधल्या वन बीएचकेची जाहिरात ऑनलाइन पाहिली. मालक म्हणाला, ‘मी आर्मीत आहे, बदली जम्मूला झालीय.’ त्याने लष्करी कॅन्टीनचं कार्ड, आधार आणि नोटरी केलेला भाडेकरार व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. माझंही आधार घेतलं. टोकन ५,०००, डिपॉझिट २०,०००, गेटपासचे ९,००० असे ३४,००० रुपये यूपीआयने गेले. टोकन बाबांच्या खात्यातून, बाकी माझ्या. त्यात दोन मैत्रिणींचे २०,००० आहेत. परवा सामान घेऊन गेलो, तर वॉचमन म्हणाला तिथे सहा वर्षांपासून एक कुटुंब राहतं. तो माणूस आता म्हणतो, आणखी ६,००० टाक, सगळे परत करतो. मैत्रिणी माझ्याकडे पैसे मागतायत. बँकेत म्हणाले, तुम्हीच पाठवलेत ना! पोलीस तरी तक्रार घेतील का? बाबांना वाटतंय खोली मिळाली.

उत्तर : ते ६,००० टाकू नकोस. आणि पुढचं वाचण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव. तुझे पैसे त्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात सरकत असतात. मध्ये कुठे सापडले तर बँक ते रोखून धरते. दोन दिवस गेलेत, त्यामुळे सगळे मिळतील असं मी म्हणणार नाही. फोन झाला की राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण कर. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, लागेल. रोखलेली रक्कम मग कोर्टात अर्ज करून मागता येते.

आता ‘तुम्हीच पाठवलेत ना’. बँकेपुरतं ते खरं आहे. पिन तू टाकलास, त्यामुळे हा तुझ्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार ठरत नाही आणि बँकेकडून भरपाई मिळणं कठीण. पण गुन्ह्याच्या बाबतीत हे वाक्य गैरलागू आहे. खोटं सांगून माणसाला स्वतःच्या हाताने पैसे द्यायला लावणं, फसवणूक म्हणतात ती यालाच. हिसकावून घेतले असते तर कलम वेगळं लागलं असतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय तोतयेगिरीचं कलम ३१९ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड.

पुणे की परभणी, असा घोळ पोलीस ठाण्यात कोणी घातला तर सांग, हद्द कोणतीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. तरीही टाळलं तर लेखी तक्रार वरिष्ठांकडे पाठव, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. चॅट डिलीट करू नकोस, फोन रिसेट करू नकोस. आणि चिडून ते कॅन्टीन कार्ड ग्रुपवर फिरवू नकोस. ते एखाद्या खऱ्या जवानाचं चोरलेलं असू शकतं.

तुझं आधार त्याच्याकडे गेलंय, तेव्हा आधारच्या साइटवर बायोमेट्रिक लॉक कर आणि तुझ्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते संचार साथी पोर्टलवर बघ. पुढच्या मुलीला तुझंच आधार दाखवून फसवणं मात्र याने थांबत नाही.

मैत्रिणींनी पैसे तुला उसने दिले नव्हते, तिघींच्या खोलीसाठी दिले होते आणि तू ते त्याच कामाला पाठवलेस. तुझा हेतू खोटा नव्हता, त्यामुळे तू त्यांची फसवणूक केलीस असं म्हणता येत नाही. तक्रारीत तिघींची नावं आणि रकमा लिही, वाद निम्मा तिथेच निवेल.

त्या नोटरीच्या करारावर तुझा विश्वास बसला, याचं मला नवल नाही. पुण्यात शिकलेसवरलेले मालकही ‘नोटरी पुरे’ म्हणतात. पुरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी भाड्याने वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. ऑनलाइन नोंदणीत एजंट मशीन घेऊन घरी येतो, मालकाचा अंगठा त्याच्या आधारशी जुळवला जातो. तुझ्या ‘फौजी’ला हा अंगठा देता आला नसता. पुढच्या वेळी, मग फ्लॅट असो की सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची खोली, आत पाय ठेवल्याशिवाय टोकनसुद्धा द्यायचं नाही. फ्लॅट असेल तर लाइट बिल आणि मिळकतकराच्या पावतीवरचं नाव समोरच्या माणसाशी जुळतंय का ते बघायचं. मालक गावात नसेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारायचं. लष्करी शिस्तीचा माणूस गेटपासचे पैसे आगाऊ कशाला मागेल?

राहिले बाबा. टोकन त्यांच्या खात्यातून गेलंय, म्हणजे स्टेटमेंट त्यांच्या बँकेचं लागणार आणि तपासात त्यांना विचारलं जाणार. पोलिसांचा फोन परभणीला जाण्याआधी तुझा गेलेला बरा.