उइगुरांचा ठराव आणि ठेकेदाराची पेटी

प्रश्न : काका, आमच्या जिनातल्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातल्या) युनियनमध्ये दोन तट पडले. एक गट म्हणतो, चीनच्या शिनजियांगात उइगुर मुसलमानांकडून जबरदस्तीनं कापसाचं काम करून घेतात, अमेरिकेनं तिथला माल बंद केला, तसा आपणही ठराव करू. त्यातच बाहेरच्या कापसावर शुल्क मागू. दुसरा गट म्हणतो, मानवी हक्क हे गोऱ्यांचं ढोंग आहे, उद्या ते आपलाच माल अडवतील. मागच्या मीटिंगमध्ये गोष्ट हातघाईवर आली. त्यात मध्य प्रदेशातून आलेले पंचवीसेक हमाल येऊन बसले. ते सभासद नाहीत म्हणून वेगळीच कुरबुर झाली. ठराव करावा का?
— एक सभासद, तालुका हिंगणघाट

उत्तर : भाऊ, हातघाईवर आले हे वाचून मला तर बरंच वाटलं. बावीस वर्षांच्या सेक्रेटरीपणात मी चहा येईपर्यंत बसणारे आणि चहा झाला की उठणारे सभासदच जास्त पाहिले.

आधी शुल्काचा निकाल लावू, ते सोपं आहे. २०२१च्या फेब्रुवारीपासून बाहेरच्या कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं. २०२५च्या ऑगस्टात, अमेरिकेनं आपल्या मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला त्याच महिन्यात, सरकारनं ते उठवलं आणि सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत ताणली. ऐन वेचणीत! कास्तकाराचा संताप खरा आहे. पण हा बाहेरचा कापूस येतो कुठून? अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेतले देश. चीन तर स्वतःच बाहेरून कापूस घेतो. तिथला माल आपल्याकडे आला तर कापड होऊन येतो. मग उइगुरांच्या नावानं रुईवर शुल्क मागायचं कसं? शुल्क पाहिजे तर शुल्क म्हणून मागा, वेगळ्या कागदावर. उइगुरांच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका.

आता ढोंगाचं. दुसऱ्या गटाच्या म्हणण्याला वजन आहे. १९९०च्या दशकात जागतिक व्यापाराच्या करारात कामगार हक्कांची अट घाला, असा आग्रह अमेरिका-युरोपातल्या संघटनांनी धरला होता. तेव्हा आपल्याकडच्या लाल, भगव्या आणि काँग्रेसच्या युनियन, एरवी एका सतरंजीवर न बसणाऱ्या, एका सुरात नाही म्हणाल्या. १९९६ला सिंगापूरच्या परिषदेत हा विषय आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे ढकलून दिला. त्या संघटनेचे युनियन करण्याच्या आणि वाटाघाटीच्या हक्काचे दोन करार आहेत, ८७ आणि ९८ नंबरचे. जगाला धडे देणाऱ्या अमेरिकेनं ते मान्य केलेले नाहीत. आपणही केलेले नाहीत, एवढं वाक्य मात्र आपले पुढारी भाषणात गाळतात.

पण हे ढोंग आपल्या पणजोबांच्या काळात एकदा होऊन गेलं आहे. १८७७ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबईत तर गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहतच होत्या. इंग्लंडातल्या लँकेशायरचे गिरणीमालक धास्तावले आणि एकाएकी त्यांना इथल्या मजुराचा कळवळा आला. १८८१च्या कारखाने कायद्यामागे त्यांचा मोठा रेटा होता. आपले मालक ओरडले, हा देशी धंदा बुडवायचा डाव आहे. डाव होताच. त्याच लँकेशायरची मर्जी राखायला इंग्रजानं १८९६ला इथल्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला. पण जोतीराव फुल्यांच्या तालमीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी डाव आहे म्हणून हात बांधून घेतले नाहीत. १८८४ला त्यांनी मजुरांच्या सभा भरवल्या, हजारोंच्या सह्या घेतल्या : रविवारची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास जेवायला द्या, पगार वेळेवर करा. १८९०ला रविवार मिळाला. लँकेशायरवाल्याच्या पोटात दुखत होतं, म्हणून काही तो रविवार कोणी परत केला नाही.

तिथं मागणारा मजूर होता. मागणारा दुसराच असला की काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. मी ज्या जिनात दिवाणजी होतो, तिथं एका परदेशी खरेदीदाराच्या वतीनं तपासणी यायची होती. आदल्या संध्याकाळी मुकादम फाटकावर उभा राहिला. 'उद्या लेकरू घेऊन कोणी येऊ नका. साहेब येऊन राहिला.' कवडी, म्हणजे खराब कापूस, निवडायला अठरा बाया बसायच्या. दुसऱ्या दिवशी सात आल्याच नाहीत; लेकरू ठेवतील कुठं? रोज ती लेकरं रुईच्या ढिगाआड लुगड्याच्या झोळीत निजायची, भुवयांवर पांढरा तूस बसलेला. साहेबानं झोळीचे रिकामे दोर पाहिले, काही विचारलं नाही. बालमजुरी नाही, असा इंग्रजी फलक ऑफिसच्या भिंतीवर लागला. सात बायांचा रोज बुडाला आणि हजेरीपटात सात फुल्या मी माझ्या हातानं मारल्या. १९४८च्या कारखाने कायद्यात तीसहून जास्त बाया असल्या तर पाळणाघर सक्तीचं होतं. म्हणून आमच्या हजेरीपटावर बाया नेहमी एकोणतीस. बाकीच्या चिठ्ठीवर.

त्या सात जणींना कोणी विचारलं असतं तर त्यांनी फलक मागितला नसता, पाळणा मागितला असता.

उझबेकिस्तानचं उदाहरण याच्या उलट आहे. तिथं सरकारच दर हंगामाला शाळेतली पोरं, मास्तर, दवाखान्यातल्या नर्सा कापसाच्या वावरात उतरवायचं. आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत पोरगी शाळेतून गायब होते ती घरच्या नडीपायी. तिथं फर्मान यायचं. उझबेक कार्यकर्त्यांनी स्वतःच जगाला सांगितलं, आमचा कापूस घेऊ नका. शेकडो कंपन्यांनी ऐकलं. सरकारी सक्ती मोडली तेव्हा २०२२च्या मार्चमध्ये तो बहिष्कार उठवला. शिनजियांगात आतून बोलायची सोयच नाही. देश सोडलेले उइगुर बोलतात आणि ते बंदीच मागतात. अमेरिकेचा कायदा २०२१च्या डिसेंबरात झाला, २१ जून २०२२पासून लागू झाला : तिथला माल सक्तमजुरीचाच धरायचा, नाही हे आणणाऱ्यानं सिद्ध करायचं. अमेरिकेला चीनला चेपायचं आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी माझं मत ठरावाच्या बाजूनं आहे.

फक्त मांडण्याआधी त्या पंचवीस हमालांना एक गोष्ट विचारा. त्यांची आधार कार्डं कोणाकडे आहेत? कागदपत्रं अडकवून ठेवणं आणि कर्जात बांधणं, या दोन्ही गोष्टी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना सक्तमजुरीच्या खुणांमध्ये मोजते. आपल्या देशात वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६पासून आहे. अशी कार्डं ठेवलेली ठेकेदाराची पत्र्याची पेटी त्याच्या खाटेखाली असते आणि 'उचल फिटल्याबिगर गावाकडे जायचं नाही' हे वाक्य पेटीच्या कुलपासारखं असतं. तुमच्या जिनात असं नसेल तर माफ करा. आमच्याकडे होतं, आणि मी बोललो नाही. ते सभासद नव्हते ना!

'उद्या आपलाच माल अडवतील' ही भीतीही हवेतली नाही. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या यादीत भारतातलं संकरित कपाशीचं बियाणं बालमजुरी आणि सक्तमजुरी या दोन्ही रकान्यांत आधीच आहे. ते खोटं आहे, असं छाती ठोकून सांगायचं तर आपलं जिन तरी आतून पाहिलेलं पाहिजे.

तेव्हा हमालांच्या सभासदत्वाच्या पावत्या फाडा. वर्गणी हंगामाची घ्या, वर्षाची मागू नका. ते होळीला परत जातात. मीटिंगमध्ये पोत्यांवर नको, सतरंजीवर बसवा आणि ठराव हिंदीतही वाचा. मसुदा पाठवला तर मी तपासून देईन. मागच्या वेळी एका युनियननं 'उइगुर'चं 'उगीर' केलं होतं.

प्रश्न : आर्णीच्या आठवडी बाजारात दोनशेला टी-शर्ट मिळतो, आत 'मेड इन बांगलादेश' लिहिलेलं असतं. तिथली इमारत पडून कामगार मेले, असं वाचलं. असा कपडा घेणं सोडावं का?
— बीएच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : बाळा, तू वाचलंस ती राणा प्लाझा, २४ एप्रिल २०१३. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले तेव्हा खालची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या मजल्यांवर शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं. १,१००हून जास्त माणसं गेली. पण त्यानंतर तिथल्या युनियननी जगाला 'आमचे कपडे घेऊ नका' असं सांगितलं नाही. मोठ्या कंपन्यांकडून इमारतींच्या तपासणीचा, कोर्टात टिकेल असा करार करून घेतला. त्याआधी १९९२ला बालमजुरांनी केलेला माल बंद करायचं विधेयक अमेरिकेत नुसतं मांडलं गेलं, तर ढाक्याच्या मालकांनी हजारो पोरं एका फटक्यात काढून टाकली. त्यातली कितीतरी शाळेत नाही, खडी फोडायला गेली.

टी-शर्ट घे. आणि तो विकणाऱ्या पोराला रोज किती मिळतो, तेही विचारून ये. पुढच्या पत्रात कळव.